कुंचला, बोरू आणि अंगठा

'अक्षर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जे झिजत नाही, नाश पावत नाही, ते अक्षर, असा त्याचा अर्थ आपण वर्गात ऐकतो. तास संपतो, बाहेर येऊन मैत्रिणीची वही चाळतो आणि म्हणतो, "तुझं अक्षर किती छान आहे गं!" आता त्याच शब्दाचा अर्थ हाताचे वळण असा झालेला असतो. कोणाचे अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखे, तर कोणाचे कोंबडीच्या पायांसारखे. 'सुंदर हस्ताक्षर हा खरा दागिना' हे वाक्य तर कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. पण दागिना म्हटला की तो कोणाला परवडतो आणि कोणाच्या वाट्याला कधी आलाच नाही, हेही प्रश्न आले. त्या प्रश्नांचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात जरा दूर देशातून करते. जपानच्या इतिहासात इ. स. ७९४ ते ११८५ हा काळ 'हेआन' काळ म्हणून ओळखला जातो. राजधानी हेआन-क्यो, म्हणजे आजचे क्योतो शहर. तिथल्या राजदरबारातल्या सरदारांचे आणि मानकऱ्यांचे जीवन वाचले की आपण थक्क होतो. त्या लोकांत तलवारीपेक्षा कुंचल्याला अधिक मान होता. माणसाची परीक्षा त्याच्या कवितेवरून आणि ती कविता ज्या हाताने लिहिली त्या हाताच्या वळणावरून होत असे. कविता केवढी? एकतीस मात्रांएवढे ध्वनी, पाच, सात, पाच, सात, सात असे मांडलेले. एवढ्याशा जागेत ऋतू आणायचा, मनातले दुःख आणायचे आणि सांगायचे ते अर्धे झाकून ठेवायचे. अशी कविता पत्रात लिहून पाठवत. तिच्यासाठी कागद निवडायचा तोही ऋतूला शोभेल अशा रंगाचा. शाई कुठे गडद, कुठे फिकी हेही पाहायचे. पत्राची घडी घालायची, ती फुलांच्या डहाळीला बांधायची आणि मग निरोप्याच्या हाती द्यायची. ज्याला पत्र गेले त्याने ते वाचण्याआधीच अर्धा निर्णय झालेला असे. हात कच्चा दिसला तर माणूसही कच्चा!

त्या काळी तीन सुलेखनकारांची कीर्ती फार मोठी होती. त्यांतला एक ओनो नो मिचिकाझे (८९४–९६६). त्याची एक आख्यायिका जपानात घरोघरी माहीत आहे. पावसात तो छत्री घेऊन चालला असता त्याला एक बेडूक दिसला. बेडूक वर लोंबणाऱ्या फांदीकडे पुन्हा पुन्हा उडी मारत होता आणि पुन्हा पुन्हा खाली पडत होता. शेवटी एकदा त्याने फांदी गाठली. ते पाहून मिचिकाझेने अक्षराचा सराव सोडायचा नाही असा निश्चय केला. आपल्याकडे कोळ्याच्या जाळ्याची गोष्ट मुलांना सांगतात, तशीच ही. मला मात्र यात एक गंमत दिसली. ज्या दरबारात चांगला हात हे कुळाचे लक्षण मानले जाई, त्याच दरबाराने सांभाळलेली ही गोष्ट म्हणते की हात कुळातून येत नाही, तो उड्या मारून मिळवावा लागतो!

आता आपल्याकडे पाहू. असा अक्षरांचा ध्यास आपल्या मराठी मुलखात होता की नाही? होता, आणि तोही चांगला डोळस होता. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनाच्या क्रियेवर आहे. परमार्थाचा ग्रंथ आणि त्यात बोरू, शाई, कागद यांची चर्चा! अक्षरे वाटोळी, सरळ आणि मोकळी असावीत. ग्रंथाच्या आरंभी जे वळण, तेच शेवटपर्यंत राहावे. तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच वाचायचे आहे. सगळ्यांत मला आवडली ती समासाची, म्हणजे कडेने सोडायच्या मोकळ्या जागेची सूचना. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मधोमध लिहावे, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. वहीच्या डाव्या बाजूला समास सोडला नाही म्हणून आपण सर्वांनी शाळेत छड्या खाल्ल्या असतील. त्या समासामागे एवढे मोठे कारण आहे, हे मला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात कळले.

ही झाली पोथीची बाळबोध अक्षरे. दरबारातले काम मात्र मोडीत चाले. मोडीचा संबंध परंपरा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याशी जोडते. मोडीचे मर्म वेगात आहे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात शक्य तितका न उचलता त्या रेघांखाली अक्षरांची साखळी करत जायची. लेखणी म्हणजे बोरू, टोकाला तिरपा तासलेला. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र कामाच्या गर्दीत लिहायचे राहून गेले. महाराजांनी "वाचा" म्हणताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सगळा मजकूर खडाखडा वाचून दाखवला! गोष्ट खरी की रचलेली ते इतिहासकार जाणोत. पण तिच्यातून एक कळते. आपल्या दरबारात हात आणि स्मरण यांचा मान मोठा होता, पण तो मान होता हुकुमासाठी, हिशेबासाठी, सनदेसाठी. जपानी मानकऱ्याचा कुंचला कविता लिहीत होता. आपल्या कारकुनाचा बोरू बहुधा महसूल लिहीत होता.

मग आपल्या दरबारात कविता नव्हती का? होती. महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात कवी नरेंद्राची कथा आली आहे. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव याच्या दरबारी नरेंद्र कवी होता. त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. राजाला ते इतके आवडले की त्याने काव्य आपल्या नावावर करून मागितले आणि ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने साफ नकार दिला. तसे केल्यास कवींच्या कुळाला बट्टा लागेल, असे त्याचे म्हणणे होते. जपानच्या दरबारात इ. स. ९०५ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने 'कोकिनशू' हा मोठा काव्यसंग्रह सिद्ध झाला, आणि त्यात कविता निवडली जाणे हे भाग्य समजले जाई. आपला नरेंद्र मात्र दरबाराचे सोने नाकारतो. मला दोन्ही गोष्टी आवडतात, पण अभिमान वाटतो तो दुसरीचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जपानी दरबारातील पुरुषांचे विद्वत्तेचे आणि कारभाराचे लेखन चिनी भाषेत, चिनी लिपीत चाले. आपल्याकडची संस्कृत समजा ना! स्त्रियांनी ते शिकणे शोभत नसे. चिनी चिन्हांची वळणे सैल आणि सोपी होत होत 'काना' नावाची लिपी तयार झाली, तिला 'बायकी हात' असेच म्हणत. या बायकी हातातूनच अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु हिने 'गेंजीची कथा' लिहिली. ती आज जगातल्या थोर ग्रंथांत गणली जाते. तिच्या आधी, इ. स. ९३५ च्या सुमारास, त्सुरायुकी नावाच्या पुरुष कवीला प्रवासाची रोजनिशी काना लिपीत लिहावीशी वाटली, तर त्याने ती एका स्त्रीने लिहिली आहे असे भासवून लिहिली! मनातले सांगायला आईच्या भाषेवाचून गत्यंतर नाही, हेच खरे.

मुरासाकीने आपल्या रोजनिशीत लहानपणची एक आठवण लिहिली आहे. भाऊ चिनी धडे घोकत असे आणि ही शेजारी बसून ऐकत असे. त्याला जे येत नसे ते हिला चटकन येई. तेव्हा तिचे वडील हळहळून म्हणत की ही मुलगा असती तर किती बरे झाले असते! पुढे दरबारात गेल्यावर तिने आपल्याला साधी चिनी अक्षरेही वाचता येत नाहीत असे सोंग आणले, कारण शिकलेल्या बाईची कुजबूज होत असे. हजार वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या त्या बाईची ही आठवण वाचताना मला ती मुळीच परकी वाटली नाही. आमच्या वर्गातल्या किती मुलींना ती आपलीच वाटेल, हे मी सांगायला नको.

असाच प्रसंग आपल्या विदर्भाच्या मातीतही घडला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. त्याच रिद्धपुरात महदाइसेने धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. पंथातले केशिराजबास संस्कृतात लिहीत असत. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर माझ्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, असे कारण त्यांनी दिले. विद्वानाची लेखणी म्हाताऱ्यांसाठी थांबवणारा हा आचार्य मला फार मोठा वाटतो. जिथे हे घडले त्या रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाच्या मुळाशी नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्याही आहेत, हे आपण विसरू नये.

पण म्हाताऱ्यांना ऐकायला मिळाले म्हणून लिहायला मिळाले असे नाही. खरा प्रश्न इथेच येतो. गावगाड्यात लिहिणे कुलकर्ण्याकडे होते. बाकीचे काय करत? जुन्या मराठी कागदपत्रांत अक्षर न येणाऱ्यांच्या निशाण्या आढळतात. कुणबी-पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, तर बलुतेदारांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या अवजाराचे चित्र. ज्याला अक्षर दिले नाही त्याने आपले अवजारच कागदावर ठेवले! मला ती चित्रे म्हणजे गावाचे सुलेखनच वाटते. पुढे इंग्रज आले. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. हळूहळू सगळीकडे बोटांचे ठसे आले. नांगर गेला आणि अंगठा आला. नांगरात निदान माणसाचे काम दिसत होते; अंगठ्यात फक्त कातडी राहिली. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी त्यातूनच जन्मली.

आमचे ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. तिकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि सरकारी भाषा उर्दू होती. २०२३ मध्ये त्या भागात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली, तेव्हा जुनी मोडी आणि उर्दू दप्तरे वाचणाऱ्या माणसांची केवढी गरज पडली ते सर्वांनी पाहिले. ज्या कष्टकऱ्यांच्या पूर्वजांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांचे भवितव्य कोणा कारकुनाने घाईत ओढलेल्या एका शब्दावर येऊन ठेपले. अक्षराची सत्ता किती लांबवर पोचते ती अशी.

माझ्या आजीलाही या सत्तेचा अनुभव आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि नंतरच्या वर्षांत गावोगाव रात्रीचे वर्ग भरले. दिवसभर निंदण करून आजी त्या वर्गाला गेली आणि सही शिकली. तिच्या नावात चार अक्षरे आहेत. ती सही करताना श्वास रोखून धरते. चौथे अक्षर झाले की सोडते. बँकेत, शाळेत, ग्रामसभेत तिने कधी शाईच्या डबीत अंगठा बुडवला नाही. पण आता रेशनच्या दुकानात यंत्र आले आहे आणि त्या यंत्राला सही कळत नाही, त्याला अंगठाच हवा. पन्नास वर्षे कापूस वेचून आणि खुरपे धरून आजीच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. कधी यंत्र तिला ओळखते, कधी ओळखत नाही. अंगठा पदराला पुसून ती पुन्हा ठेवते. एकदा ती मला म्हणाली, "सही शिकली मी, तरी अंगठाच मांगते हे. अन् आता अंगठाही माहा राह्यला नाही वं, माय." दुकानदाराचा यात दोष नाही, तोही यंत्रापुढे हात जोडून बसतो. पण त्या दिवशी 'अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते' ही व्याख्या मला निराळ्या रीतीने समजली. अंगठा झिजला, सही तशीच आहे.

असे असले तरी यंत्राला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. आपण संगणकावर मराठी वाचतो ते पुष्कळदा 'मंगल' नावाच्या टंकात. तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवला. जोशी सुलेखनकार होते आणि कवीही होते, म्हणजे हेआन दरबारात शोभले असते असेच! त्यांच्या या टंकाने एक मोठे काम केले. चिटणिसाच्या पणतूचे आणि अंगठेबहाद्दराच्या नातीचे अक्षर पडद्यावर अगदी सारखे दिसते. तिथे कोणी हात पाहून कुळ ओळखू शकत नाही. ही समता लहान नाही. तिच्यात हाताची ओळख हरवते, हेही खरे. आजीची सही मी हजार कागदांत ओळखीन. मोबाईलवरचे 'शुभ सकाळ' कोणी पाठवले ते वरचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. जपानी दरबाराकडे कविता होती आणि तिला साजेसा हातही होता. आपल्या दरबाराकडे हात होता, पण तो कवितेपेक्षा दप्तरातच अधिक गुंतला. तिसराही एक प्रकार आहे. कविता आहे, पण लिहिणारा हात नाही. तो आपल्या घरांतच होता. पहाटे जात्यावर बसून बायांनी म्हटलेल्या ओव्या हे काव्य नव्हे तर काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! 'कोकिनशू'त सुमारे अकराशे कविता आहेत. आणि ओवीचा घाटही पाहा. जपानी कवितेसारखाच लहान, एका श्वासात मावणारा, भावाला, आईला, विठ्ठलाला उद्देशून पाठवलेल्या चिठ्ठीसारखा. फक्त ती चिठ्ठी फुलांच्या डहाळीला कोणी बांधली नाही. ती पिठाबरोबर जात्यातून बाहेर पडली आणि उजाडताच विरून गेली.

आजी अजूनही लग्नघरी हळद दळायला बसली की ओव्या म्हणते. गिरणी आल्यापासून एरवी जाते भिंतीला टेकून उभे असते. तिला किती ओव्या येतात ते तिलाही सांगता येत नाही. जात्याचा खुंटा हातात आल्याशिवाय त्या आठवत नाहीत म्हणते. तिला चार अक्षरे येतात आणि ओव्या शेकडो. मला अक्षरे सगळी येतात आणि ओवी एकही रचता येत नाही. हा हिशेब कोणाच्या फायद्याचा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. आपल्या हाती लेखणी आली ती पिढ्यान्‌पिढ्या थांबून. घरी आपण वऱ्हाडी बोलतो आणि वहीत प्रमाण मराठी लिहितो, परीक्षेसाठी ते योग्यही आहे. पण परीक्षेबाहेर आपल्या लेखणीने काय लिहावे? इतरांचे अर्ज तर आपण लिहितोच. गावात शिकलेल्या मुलीला पीक विम्याचा फॉर्म आणि पेन्शनचा अर्ज कधी चुकत नाही! ते काम मोलाचे आहे. त्याबरोबर आणखी एक करता येईल. आपल्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक अजून हाताने लिहिले जाते. सुंदर अक्षराची मुले-मुली त्यासाठी शोधली जातात. त्या भित्तिपत्रकाचा एक अंक आपण आपल्या आज्यांच्या ओव्यांसाठी ठेवू या. प्रत्येकाने घरी जाऊन दहा-दहा ओव्या उतरवून आणाव्यात, जशा म्हटल्या तशाच, वऱ्हाडी असतील तर वऱ्हाडीत, बंजारा आणि गोंडी घरांतली गाणी त्या त्या भाषेत, आणि ओवीखाली म्हणणारीचे नाव. नरेंद्राने आपल्या काव्यावरचे नाव सोन्यासाठीही सोडले नव्हते. आपल्या आज्यांचे नाव तर आजवर कोणी विचारलेच नाही.

मराठी विभागातील गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. उतरवून घ्यायला मी तयार आहे. माझे अक्षर मोत्यासारखे नाही, पण स्वच्छ आहे. कागदाच्या चारी बाजूंनी जागा मात्र भरपूर सोडीन.